दार तेवढं चुकलंय: कवळ्यातल्या एका कोठीची केस

फोंड्याजवळ कवळ्याला एक जुनं चिरेबंदी घर आहे, त्याचं किचन मी गेल्या वर्षी जानेवारी ते मे या काळात नवीन करून दिलं. काम तसं रोजचंच, ओटा, टाइल्स, चिमणी, नळ वगैरे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पण त्या किचनला लागून एक कोठीची खोली होती, तिचं वॉक-इन पॅन्ट्री करायचं होतं आणि तिच्या एका दाराने माझे तीन आठवडे खाल्ले. ही सगळी केस त्या दाराचीच आहे.

पहिल्या दिवशी घरच्या वहिनींनी मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरे कप्पे, सगळ्या बरण्या काचेच्या, एका मापाच्या, प्रत्येकीला लेबल. म्हणाल्या, असं पाहिजे. दादा वेर्ण्याला कंपनीत, ते शनिवारीच भेटायचे, त्यांचं म्हणणं एकच, पावसाच्या आधी संपव. वहिनींच्या सासूबाई, म्हणजे आजी, बाजूला वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "कोठी आहेच की रे बाबा, दार तेवढं चुकलंय तिचं." मी हसलो आणि टेप काढून मापं घ्यायला लागलो. तेव्हाच नीट ऐकलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

मापं अशी. कोठी आतून ८ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. किचन आणि कोठीमधली भिंत तीच ८ फुटी, पण कोठीत जायचं दार त्या भिंतीत नाहीच, ते उत्तरेच्या आखूड भिंतीत, पॅसेजमधून. म्हणजे गॅसवर फोडणी टाकली आणि हिंग संपलाय असं लक्षात आलं तर किचनमधून बाहेर, पॅसेज, वळसा, कोठी, आणि परत तेवढंच. बरं ते दार मोकळं २२ इंच. जुन्या माणसांनी मुद्दाम बारीक ठेवलं असणार, कुलूप लावायची जागा होती ती, धान्य म्हणजे पैसाच. आता कुलूप कोण लावतो, पण २२ इंच तसेच राहिले.

या कोठीत काय काय जातं ते सांगितल्याशिवाय दाराचा विषय कळणार नाही. गोव्यात मे महिन्यात पुरुमेंत भरतात, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आलेला, पण रीत हिंदू-ख्रिस्ती सगळ्यांच्या घरी तीच, मडगावला तर त्या दिवसांत पुरुमेंताचं फेस्तच, म्हणजे जत्राच भरते. या घरात उकड्या तांदळाची पोती, कुळीथ, चिंचेचे गोळे, सोलां म्हणजे आमसुलं, मिठागरातलं मीठ, सुकी मिरची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या कांद्यांच्या माळा, नारळ, फणसाची भिकणां म्हणजे आठळ्या, हे सगळं पंधरा दिवसांत आत जातं आणि मग रोज थोडं थोडं बाहेर येतं. फोटोतल्या पॅन्ट्रीत जास्तीत जास्त पास्ता असतो, तो एका हाताने आत जातो. आपल्याकडे ५० किलोचं पोतं खांद्यावर घेऊन माणूस आत शिरतो, वळतो आणि ते खाली टाकतो. दाराची रुंदी, दाराबाहेरची मोकळी जागा आणि आत वळायची जागा या तिन्ही गोष्टी त्या पोतेवाल्यावरून ठरायला पाहिजेत, बरण्या तर कशाही मावतात.

म्हणून मी वहिनींना म्हटलं, कोठीतली सगळ्यात मोठी वस्तू बाहेर काढा. पत्र्याच्या कोठ्या निघाल्या, २० इंच व्यासाच्या. आणि मग एक पितळी तपेलं निघालं, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आणि घरच्या कार्याला लागतं ते, तोंड २४ इंच, आणि कान धरून मोजलं तर साडेसत्तावीस. २२ इंचाच्या दारातून साडेसत्तावीसचं तपेलं आत गेलंच कसं, हा प्रश्न मला पडला, आजींना अजिबात पडला नव्हता. आडवं करून, त्या म्हणाल्या. खोली १४ इंचाचीच आहे, रिकामं असलं की आडवं करून सहज जातं. पण चवथीच्या वेळी त्यात तांदूळ भरून बाहेर न्यायचे तर दोघांनी कान धरून उचलायचं आणि आडवं तर करता येत नाही, म्हणून दरवर्षी तांदूळ सुपाने पॅसेजमध्ये आणून तपेल्यात ओतायचे. किती वर्षं? "लग्न होऊन आले तेव्हापासून," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी प्लायच्या दोन शीट घेऊन गेलो, अंगणात उभ्या केल्या, मधलं अंतर आधी २४ इंच, मग २८, मग ३१, आणि आजी आणि वहिनींना तपेलं घेऊन त्यातून चालायला लावलं. दोघींनी कान पुढे-मागे धरले, एक पुढे एक मागे, म्हणजे तोंडाचे २४ इंचच आडवे येतात. २४ ला अर्थातच अडकलं. २८ ला गेलं, पण वहिनींच्या हाताची बोटं नाही तर कोपर प्लायला घासलं, दोन्ही वेळा. ३१ ला दोघी बोलत बोलत निघून गेल्या, म्हणजे अंतराकडे लक्षच गेलं नाही. तिथे ३१ ठरलं. पुस्तकात ३० लिहिलेलंही सापडेल आणि ते बरोबरच आहे, पण घरच्यांनी स्वतः चालून बघितलं की मग नंतर कोणी वाद घालत नाही, हा फायदा मोठा.

आता माझी चूक. मी पहिल्या ड्रॉइंगमध्ये सरकतं दार दाखवलं होतं, वर पट्टी आणि भिंतीवरून सरकणारा पल्ला, हल्ली सगळ्यांना आवडतं ते. दिसतं छान, उघडायला जागा लागत नाही. पण सरकत्या दाराला बाजूला स्वतःच्या रुंदीएवढी रिकामी भिंत लागते आणि या किचनमध्ये फ्रिजला जागा तेवढीच एक होती. शिवाय तो पल्ला भिंतीपासून बोटभर लांब लटकतो, कडेने फट राहते, आणि कोठीला फट म्हणजे मुंग्या, झुरळं, उंदीर यांना आमंत्रण. आजी ड्रॉइंगकडे बघून म्हणाल्या, हे दार आहे की पडदा. ते ड्रॉइंग तिथेच मेलं. आत उघडणारं दार तर विचारातच नव्हतं, ३१ इंचाचा पल्ला आत फिरला की साडेपाच फुटातलं उरतं काय, आणि एखादं पोतं आत कलंडलं तर दार उघडणारच नाही. म्हणजे बाहेर, किचनमध्ये उघडणारं साधं बिजागरीचं दार.

मग भिंतीत नेमकं कुठे. वहिनींना मधोमध हवं होतं, फोटोत तसं होतं. मला कोपऱ्याकडे हवं होतं, म्हणजे किचनच्या बाजूला फ्रिजसाठी अखंड भिंत उरेल. भांडायच्या आधी हिशोब मांडला. समोरच्या पश्चिमेच्या भिंतीला १५ इंच खोल कप्पे, दोन्ही आखूड भिंतींना १२ इंचाचे. चौकटीसकट ३६ इंचाचं भगदाड धरलं तर मधोमध दार केल्यावर एका पातळीवर कप्पे होतात, समोर ८ फूट, दोन्ही कडेला सव्वाचार सव्वाचार, आणि दाराच्या आजूबाजूला दीड दीड फुटाच्या उथळ मसाल्याच्या फळ्या, मिळून साडेएकोणीस फूट. दार दक्षिणेच्या कोपऱ्यापासून १८ इंच सोडून केलं तर एका बाजूची उथळ फळी जाते आणि दुसरी अडीच फुटाची होते, बेरीज १९. अर्ध्या फुटाचा फरक फक्त! आणि त्या अर्ध्या फुटाच्या बदल्यात किचनच्या बाजूला ४२ इंच सलग भिंत, फ्रिज ३० इंचाचा, दारापासून चार इंच सोडून आरामात बसतो.

१८ इंचच का, अगदी कोपऱ्यात का नाही, तर दोन कारणं. एक म्हणजे १२ इंचाचे कप्पे त्या १८ मध्ये लपतात, दारातून आत जाताना खांद्याला लागत नाहीत. दुसरं म्हणजे कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या असतात, तिथेच भोक पाडलं की ती गुंफण सुटते, जुन्या चिऱ्याच्या घरात मी दीड फुटाच्या आत कधी जात नाही.

तरी वहिनींचं मन मधोमधवरच होतं, मग निकाल शेवटी छपराने लावला. किचनचं जुनं सीलिंग काढलं तेव्हा कळलं की कौलांचा भार घेणारी एक तुळई याच भिंतीवर टेकलीय, दक्षिणेच्या कोपऱ्यापासून ५ फूट ४ इंचावर. मधोमधचं दार ३० इंचापासून ६६ इंचापर्यंत येणार होतं, म्हणजे तुळईचं टोक बरोबर दाराच्या उजव्या काठावर लटकलं असतं. आणि माझं दार ५४ इंचाला संपत होतं, लिंटेल, म्हणजे दारावरचा भार घेणारी काँक्रीटची आडवी पट्टी, अजून ९ इंच आत गेली तरी ६३, तुळई भरीव भिंतीवरच. म्हणून सांगतो, सीलिंग काढायच्या आधी दाराची जागा फायनल करू नका, निदान एक चौकोन फोडून वर टॉर्च मारून बघा. मी आधी केलं नव्हतं, माझं नशीब.

भिंत १८ इंच जाडीची, चिरे मातीच्या गाऱ्यात बसवलेले. अशा भिंतीत ब्रेकर घालून सरळ भोक पाडायचं नसतं, माती सुटते आणि वरचे चिरे एकामागोमाग एक खाली येतात. पंचायतीत दुरुस्तीचा अर्ज आधीच दिलेला होता. अंगणात दोन लिंटेल ओतल्या, प्रत्येकी साडेचार फूट लांब, ९ इंच रुंद, ६ इंच जाड, आत १० एमएमच्या चार सळ्या, आणि चौदा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. एकेकीचं वजन १२० किलोच्या आसपास, चार माणसं लागली. तुळईखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू दिले. मग किचनच्या बाजूने फक्त अर्ध्या जाडीची आडवी खाच काढली, पहिली लिंटेल सरकवली, वर आणि टोकांना सिमेंटचा घट्ट कोरडसर माल ठोकून भरला, चार दिवस हात लावला नाही. मग कोठीच्या बाजूने तसंच. दोन्ही बसल्या आणि माल पक्का झाला की मगच खालची भिंत वरून खाली एकेक चिरा काढत उतरवली. गवंड्याला घाई होती, म्हणत होता एका दिवसात होतं सगळं. होतंही, दहापैकी नऊ वेळा.

भिंत १८ इंचाची असली की आणखी एक गंमत होते जी नकाशात दिसत नाही. चौकट भिंतीच्या जाडीत कुठे बसवायची? सुतार मेस्त नेहमीच्या सवयीने मधोमध बसवायला निघाला होता. तशी बसवली असती तर पल्ला काटकोनापर्यंत उघडून भिंतीच्या आतल्या काठाला आपटला असता, तिथेच थांबला असता, आणि पल्ल्याची दीड इंच जाडी ३१ मधून वजा. मी चौकट किचनच्या प्लॅस्टरच्या लेव्हलला बाहेर आणली, बिजागऱ्या कोपऱ्याच्या बाजूला. आता पल्ला काटकोनाच्या पुढे फिरतो, आडव्या भिंतीला टेकेपर्यंत, आणि ३१ इंच पूर्ण ३१ मिळतात. फ्रिज उजवीकडे, त्याची बिजागरी उजव्या अंगाला, पॅन्ट्रीची डाव्या अंगाला, दोन्ही दारं एकमेकांकडे पाठ करून उघडतात. वहिनी दूध काढत असताना आजी कोठीत शिरल्या तरी दारावर दार आपटत नाही.

उंबरठ्यावरून थोडं झालंच. आजींना हवा होता, कोठीला उंबरठा नाही म्हणजे काय, आणि खालच्या कोठ्यांना चाकं लावायची होती त्यामुळे मला नको होता. शेवटी कोठीची फरशी किचनपेक्षा १० एमएम वर घेतली, मधे ग्रॅनाइटची पट्टी, कड घासून उतरती केली. पुसायचं पाणी आत जात नाही, चाकं चढतात, आणि आजी सणाला त्या पट्टीवर हळदकुंकू लावतात, म्हणजे उंबरठा झालाच.

सिलिंडरचा मुद्दा मात्र मी अडून धरला. दादांचा विचार होता की भरलेला जादा सिलिंडर पॅन्ट्रीत कोपऱ्यात ठेवायचा, नजरेआड. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि बंद खोलीत दिव्याचं बटण दाबलं की ठिणगीला निमित्त पुरतं. कोठीला खाली झरोका नाही, म्हणजे ती खोली सिलिंडरसाठी नाहीच. मागच्या पडवीत जाळीचं कपाट करून तिथे ठेवला. दिव्याचं बटण तरीही कोठीच्या बाहेर घेतलं, हातात सूप असताना आत चाचपडायला नको. आणि दिवा मधोमध नाही, दाराच्या वर आतल्या बाजूने, मधोमध लावला की आपलीच सावली कप्प्यावर पडते.

आता ओल. कोठीची समोरची भिंत पश्चिमेची, बाहेरची, आणि गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही सगळा वाऱ्यासकट याच बाजूने. आधी कोणीतरी त्या भिंतीला सिमेंटचं प्लॅस्टर केलं होतं, मातीतली ओल आत कोंडून पापुद्रे सुटले होते, पांढरं मीठ फुटलं होतं. ते खालचे तीन फूट खरवडून चुन्याचा गिलावा दिला, बाहेर पावळी, म्हणजे छपराची कड, दीड फूट पुढे काढली, आणि आतले कप्पे भिंतीला न चिकटवता दोन इंच पुढे ठेवले. कप्पे काळ्या कडप्प्याचे, दर तीन फुटांना आधार, सगळ्यात खालचा फरशीपासून २० इंच वर, खाली कोठ्या आणि नारळ. जड ते कमरेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, आजींचे गुडघे दुखतात. कांद्यांच्या माळांना वर आडवा पाइप. सुकी मासळी मात्र आत नाही, तिचा डबा मागच्या पडवीत टांगलाय, तांदळाला वास लागतो यावर सासू-सुनेचं एकमत होतं, पूर्ण कामात बहुधा तेवढंच.

हवा खेळायला दाराला झडपा ठेवाव्यात असं बरेच जण सांगतात. मी ठेवल्या नाहीत. दार किचनमध्ये उघडतं, तिथे सकाळ-संध्याकाळ भात उकळतो, कुकर शिट्ट्या मारतो, ती सगळी वाफ झडपांतून थेट धान्यावर. वर पश्चिमेला छोटी खिडकी आहे, बारीक लोखंडी जाळी आणि आतून बंद होणारं झाकण. जुलैत बाहेरच्याच हवेत दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास, ती आत घेऊन काय वाळणार? पावसात झाकण बंद, ऑक्टोबरपासून मेपर्यंत उघडं. याबाबतीत दुसरं मत असणारे लोक आहेत, त्यांनी एक पावसाळा गोव्यात कोठी सांभाळून दाखवावी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम संपलं, पोती आत गेली, पोतेवाला आत वळून पोतं टाकून बाहेर आला तरी कुठे अडकला नाही. जुनं २२ इंचाचं दार कोठीच्या बाजूने चार इंची भिंत घालून बंद केलं, पॅसेजमध्ये फूटभर खोल कोनाडा उरला, त्यात आता लोणच्याच्या बरण्या आणि लाइटची बिलं.

जुलैत वहिनींचा फोन. दार अडकतंय, ओढावं लागतंय. पल्ला फणसाच्या लाकडाचा, वाळलेला होता, पुढून-मागून पॉलिश केलेलं. मी जाऊन बोट वर फिरवलं, वरची कड कोरी. खालची कड आरसा लावून बघितली, तीही कोरी. सुताराने जे दिसतं तेवढंच रंगवलं होतं आणि लाकूड त्या दोन कोऱ्या कडांमधूनच पाणी पितं. रंधा मारून मोकळं करणं सोपं होतं, पण मग डिसेंबरात पल्ला आकसला की बोट जाईल एवढी फट पडली असती. म्हणून लॉकच्या बाजूने फक्त दोन एमएम घेतलं, पावसाळा तसाच ढकलायला सांगितला, आणि नोव्हेंबरात पल्ला उतरवून चारही कडांना तीन हात पॉलिश. या जुलैत फोन आला नाही.

चवथीला तपेलं तांदळासकट बाहेर आलं, कान पुढे-मागे धरून. वहिनींनी फोटो पाठवला, मागे कप्प्यांवर काचेच्या बरण्या अकरा, बाकी सगळे बोर्नव्हिटाचे डबे. एक राहिलंय, दाराखाली लावलेली ब्रशची पट्टी उंदराने एका कोपऱ्यात कुरतडलीय, पुढच्या आठवड्यात जाऊन तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मारायची आहे.